थरच्या वाळवंटात सायकलने जाताना वाटेत पाणी मागायचं कसं?

नाशिकची सायकलवाली

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत मी आणि माझे बाबा राजस्थानात सायकलने जायचं म्हणतोय. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथून सायकलवर जैसलमेर आणि जमलं तर पुढे बाडमेर. हाताशी बारा दिवस आहेत.

बाबा ६२ वर्षांचे आहेत. पोस्टमन होते. त्र्यंबक, इगतपुरीकडच्या वाड्यापाड्यांवर त्यांनी आयुष्यभर सायकलवरून डाक वाटली. त्यामुळे दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर त्यांना जड नाहीत, माझ्यापेक्षा तेच जास्त मारतील. त्यांना त्यांची जुनी बावीस इंची काळी सायकलच न्यायची आहे. माझी गियरची हायब्रिड आहे.

माझी काळजी वेगळीच आहे. बाबा कुणाच्या दारात पाणी मागत नाहीत. नोकरीत असताना लोक आपणहून तांब्या पुढे करायचे, तो ते घ्यायचे. पण तोंडाने कधी मागितलं नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्या भागातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन किती लांबून येतात ते त्यांनी रोज पाहिलंय. ते म्हणतात, "जिने दोन मैलांवरून हंडा आणला तिच्याकडे पाणी मागायला जीभ रेटत नाही." आणि आता आम्ही निघालोय कुठे, तर वाळवंटात!

तर विचारायचं हे की वाटेत पाण्याची सोय कशी होते? सगळं सोबत वागवता येतं का? तिथल्या लोकांकडे मागावं लागलं तर काय रीत आहे, पैसे द्यायचे का, कुणाशी बोलायचं? मी बाई आणि सोबत वडील, म्हणजे राहायला कुठे बरं पडेल? आणि काळ्या सायकलचं काय करू? बाबा ऐकत नाहीत.

---

गियर आणि ग्रीस

ताई, काळी सायकल खुशाल न्या. त्या सायकलीचा प्रत्येक सुटा भाग ओसियां, फलोदी, पोकरण, कुठल्याही बाजारात मिळेल आणि तिथल्या मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. खोळंबा झालाच तर तुमच्या हायब्रिडचा होईल. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व आधी बघून घ्या. बारीक, प्रेस्टा असेल तर पंक्चरवाल्याचा पंप त्यावर बसणार नाही. पितळी अडॅप्टर येतो, असे दोन घ्या. एक पिशवीत ठेवा, दुसरा व्हॉल्ववरच फिरवून ठेवा.

काट्यांचं म्हणाल तर आपले सराटे तिथेही आहेत, गोखरू म्हणतात त्याला. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना विलायती बाभूळ. सायकल रस्त्याखाली उतरवली की परत चढवण्याआधी दोन्ही टायरांवरून जुना मोजा फिरवा, अडकलेला काटा आत घुसण्याआधी निघून येतो. ही सवय लागली की निम्मी पंक्चरं टळतात. टायर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या.

चेनला पातळ तेल नको. वाळू त्यात बसते आणि दातरी खाऊन टाकते. मेणाचं ल्युब लावा, संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा. बाबांच्या सायकलला चेनकव्हर असेल तर तो प्रश्नच नाही.

आणि रस्त्यावर वाळूची जीभ आलेली दिसली तर ब्रेक न मारता वेग आधीच कमी करून उतरा. पुढचं चाक वाळूत रुतलं की माणूस हँडलवरून पुढे जातो.

पाण्याचं माणसांना विचारा, ते माझं काम नाही.

---

माळरान, सोलापूर

तुमच्या बाबांचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय. त्यांना वाचून दाखवा.

मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत याच वाटेने गेलो. एकटाच होतो. जोधपूर ते ओसियां ६५ किलोमीटर, ओसियां ते फलोदी ऐंशीच्या आत, फलोदी ते रामदेवरा पन्नास, तिथून पोकरण बारा आणि पोकरण ते जैसलमेर ११०. हा शेवटचा टप्पा मी लाठी गावाला मोडला. पुढे देवीकोट, शिव करत बाडमेर, ते आणखी दीडशेच्या वर. जोधपूरहून थेट पोकरणला जाणारा मोठा रस्ता आहे, पण त्यावर ट्रक फार. ओसियांचा रस्ता घ्या. ओसियांची देवळं आठव्या शतकापासूनची आहेत, अर्धा दिवस तिथेच जातो आणि जाऊ द्यावा.

मी घरून निघालो तेव्हा कागदावर फक्त किलोमीटर लिहिले होते. तिसऱ्या दिवशी तो कागद बाजूला ठेवला आणि रोज सकाळी चहाच्या टपरीवर एकच विचारायला लागलो, "पुढे पाणी कुठे आहे?" त्या एका प्रश्नाला जे उत्तर मिळतं त्यात वाट, गावं, माणसं सगळं येतं. कुठे नाडी आहे म्हणजे तळं, कुठे प्याऊ म्हणजे आपली पाणपोई, कुठल्या ढाणीवर म्हणजे शेतातल्या वस्तीवर टांका, म्हणजे पाण्याचं टाकं आहे, कुठे नहरेचं पाणी नळाने येतं. नहर म्हणजे इंदिरा गांधी कालवा. पंजाबातून निघून पार जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढपर्यंत येतो. १९५८ साली पायाभरणी झाली आणि जैसलमेरच्या वाळवंटात पाणी पोचायला पुढची पिढी उजाडली. तुम्ही पाण्याचं विचारलंत की तिथली माणसं तुम्हाला शहाणी समजतात. जैसलमेर किती लांब असं विचारलंत तर नुसता हात दाखवतात.

जानेवारीत दोघांना मिळून आठ लिटर सोबत असलं की पुरतं. रस्त्यावर बाटलीचं पाणी मोठ्या गावांत मिळतं, मधल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये मिळत नाही. म्हणजे मागायची वेळ येणार, हे बाबांना आधीच सांगा.

माझ्यावर ती वेळ देवीकोटच्या पुढे आली. समोरून वारा होता, आणि मी पाचपैकी चार लिटर दुपारी एकपर्यंत संपवले होते. रस्त्यापासून फर्लांगभर आत एक ढाणी दिसली. दोन गोल झुंपे म्हणजे झोपड्या, काट्यांची बाड म्हणजे कुंपण, एक खेजडी म्हणजे आपली शमी, आणि पुढे सिमेंटचा गोल कट्टा. कट्ट्यावर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. मला वाटलं विहीर असेल. सायकल हाताने ढकलत सरळ त्या कट्ट्यापर्यंत गेलो.

"जूता बारै!"

खेजडीखालून एक आजोबा ओरडले. मी जिथे होतो तिथेच थांबलो. मग खाली बघितलं. कट्ट्याभोवतीची जमीन झाडून, चोपून, उतरती केलेली होती, लख्ख अंगणासारखी. तिथे काडी नव्हती, लेंडी नव्हती. तिच्यावर माझ्या सायकलच्या चाकाची एक रेघ आणि बुटांचे ठसे. त्या जमिनीला आगोर म्हणतात. पावसाचं जे पडेल ते आगोरावरून वाहत टांक्यात उतरतं आणि वर्षभर तेच प्यायचं. मी त्यांच्या पिण्याच्या भांड्यात बूट घालून उभा होतो.

बूट काढले, सायकल उचलून बाहेर नेली आणि बाडेपाशी जाऊन हात जोडून उभा राहिलो. "राम राम सा," म्हटलं. आजोबा उठून आले. कुठला, कुणाचा, कुठे चालला, घरी कोण कोण, जेवलास का, हे सगळं झालं. हे सगळं व्हावंच लागतं, मध्ये पाणी मागायची घाई करू नये. मग त्यांनी धोतराच्या कनवटीला बांधलेली किल्ली सोडून मुलाकडे दिली. मुलाने झाकण उघडलं, चपला काढूनच, आणि दोराला बांधलेला डोल आत सोडला. दोर कितीतरी वेळ जातच राहिला. वर आलेलं पाणी त्याने दुहेरी फडक्यातून गाळलं, फडकं सांभाळून पिळलं, आणि पिळलेले थेंबही परत घागरीत. मला लोटा दिला. मी आपल्या सवयीने तोंड न लावता वरून प्यायलो, त्यावर आजोबांनी मान हलवली.

त्या पाण्याला चव होती. पावसाच्या पाण्याची, गार, किंचित मातीची. ते त्याला पालर पाणी म्हणतात. जमिनीखालचं खारट ते पाताल पाणी.

मग बसवून घेतलं. बाजरीचा सोगरा म्हणजे भाकरी, काचरीची चटणी, छाछ. मी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. सोगरा आणि आपली भाकरी शेजारी शेजारी ठेवून सगळ्या घराने बघितल्या. ज्वारीची आहे म्हटल्यावर आजींनी कडा मोडून वास घेतला. चटणी लहान मुलांनी संपवली.

आजोबांनी मला एक प्रश्न विचारला, तो मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. "थांरै अठै मेह कितरो हुयो?" म्हणजे तुमच्याकडे पाऊस किती झाला. ते लोक पाऊस आंगळांवर सांगतात, जमिनीत ओल किती बोटं मुरली त्यावर. मी मिलिमीटरात सांगितलं, त्यांच्या मुलाला कळत होतं. आमच्या सोलापुरात सरासरी साडेपाचशेच्या आसपास. त्यांच्याकडे दोनशेच्या आसपास, तोही एखाद्या वर्षी दडी मारतो. मी पुढे म्हणालो की आमचा जिल्हाही दुष्काळीच धरतात. आजोबांनी मुलाकडे बघितलं, आपण नीट ऐकलं ना अशा नजरेने. "इतरो मेह, फेर ई काळ?" म्हणजे एवढा पाऊस, तरी दुष्काळ?

मी उसाचं सांगितलं. ऊस किती दिवस उभा असतो आणि किती पाणी पितो तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ टांक्याकडे बघत बसले.

तर ताई, रीत अशी. बाडेच्या बाहेर थांबायचं, हाक मारायची, आतून कुणी येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. कुत्री असतात, सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरून चालायचं. पुरुष समोर नसेल तर पुरुषाने लांबच उभं राहायचं, घरातल्या बायका पदर ओढून आत जातात. म्हणून तुम्ही सोबत आहात ते फार बरं आहे. पाण्याचे पैसे देऊ नका. मी पन्नासची नोट काढली होती, आजोबांनी हात मागे घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला परत कुणाच्या चेहऱ्यावर आणायचं नाही. घरून खायचं काहीतरी न्या, वाटून खाण्यासारखं. फोटो विचारून काढा आणि कागदावर छापून पोस्टाने पाठवा. मोबाइलवर दाखवलेला फोटो तुमच्याबरोबर निघून जातो.

आग्रहाला तिकडे मनुहार म्हणतात. आपल्या पंगतीतल्या आग्रहासारखीच, पण जास्त चिवट. दुसरा सोगरा नको असेल तर पहिला संथ खा. म्हाताऱ्या मंडळींच्या बैठकीत कधी अमल, म्हणजे अफूचं पाणी, पुढे येतं. हात जोडून कपाळाला लावायचे, मान दिल्यासारखं होतं आणि घ्यावंही लागत नाही.

आणि एक. जानेवारीत खेजडीखाली सावली मिळेल असं धरून चालू नका. थंडीत शेळ्यांसाठी तिचा पाला छाटतात, त्याला लूंग म्हणतात, आणि झाडाचे नुसते ठोंब उरतात. टोपी, मानेवर फडकं पाहिजेच. पहाटे मात्र बोटं वळत नाहीत इतकी थंडी. सूर्यच साडेसातला उगवतो, आठच्या आधी निघू नका.

---

पंचगंगेकाठची

वरचं सगळं खरं आहे. मी आणि माझी धाकटी बहीण फेब्रुवारीत गेलो होतो, म्हणून बाईमाणसाच्या बाजूचं तेवढं सांगते.

बाडेच्या बाहेर पुरुष जिथे थांबतात तिथे आम्हाला कुणी थांबूच दिलं नाही. "बाईसा, मांय आओ," करत थेट चुलीपाशी. अंगण शेणाने सारवलेलं, भिंतीवर पांढऱ्या मातीची नक्षी. एका घरात सासूबाई ताक घुसळत होत्या. त्यांनी रवीची दोरी माझ्या हातात दिली आणि माझा हात कसा चालतो ते बघून माझ्या घरचं सगळं ओळखलं. म्हणाल्या, हिच्या घरी म्हैस आहे. आहेच आमच्याकडे, दोन आहेत. मग त्या शेजारी बसून म्हशी किती दूध देतात, पेंड कुठली घालता, हे विचारत राहिल्या. आम्ही सायकलने का आलो हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

भाषेची भीती बाळगू नका. हिंदी पुरुषांना आणि शाळेतल्या मुलींना येते. म्हाताऱ्या बायका मारवाडीच बोलतात, पण आपल्याला "अठै", "कठै", "म्हारो", "थारो" दोन दिवसांत कानावर बसतं. जेवण, लेकरं, ढोरं, पाऊस यांचं बोलणं समजायला फार शब्द लागत नाहीत.

शौचाचं आधीच विचारून ठेवा, संकोच करू नका. आता बऱ्याच घरांत संडास आहेत, पण पाणी मोजकं. एका ढाणीवर सून मला पहाटे अंधारात सोबत घेऊन गेली आणि परत येईपर्यंत पाठ करून उभी राहिली. पाळीचे दिवस येणार असतील तर जाड कागदी पिशव्या न्या आणि कचरा मोठ्या गावापर्यंत स्वतःजवळ ठेवा. तिथे टाकायला जागा नसते आणि गाई काहीही खातात.

वाईट अनुभव एकच, आणि तो सांगायलाच हवा. एका सरळसोट रस्त्यावर मोटारसायकलवरची दोन पोरं तीन-चार किलोमीटर मागे-पुढे करत राहिली. आम्ही पुढची शाळा दिसल्यावर आत वळलो. मास्तरांनी ऐकून घेतलं, बाहेर जाऊन उभे राहिले, आणि मग पुढच्या गावापर्यंत आपल्या स्कूटरवरून सोबत आले. शाळा, प्याऊ, देऊळ, किराणा दुकान, यातलं काहीतरी कायम नजरेत ठेवायचं. साडेचारला थांबायचं. फलोदीला आणि रामदेवऱ्याला धर्मशाळा आहेत. रामदेवऱ्याला तर भरपूर, कारण भाद्रपदाच्या जत्रेला लाखो लोक पायी येतात. रामदेवबाबा हे तिथले लोकदेव, त्यांना मुसलमान रामसा पीर म्हणतात आणि तेही येतात. जानेवारीत खोल्या रिकाम्या असतात.

वडील सोबत आहेत म्हटल्यावर तुम्हाला बरंच सोपं जाईल. तिकडे बाप आणि लेक एकत्र प्रवास करताना बघून लोक ज्या मायेने बोलतात ते तुम्हीच बघा.

हो, खीचन चुकवू नका. फलोदीला लागूनच आहे. कुरजां येतात तिथे, आपण कांड्या करकोचा म्हणतो ते. हजारोंनी. सकाळी गावकरी त्यांच्यासाठी दाणे टाकतात, त्या आवाराला चुग्गाघर म्हणतात. आम्ही एका घराच्या गच्चीवर बसलो होतो. आधी दोन-तीन पक्षी वरून घिरटी मारून गेले, मग लांबून कुरकुर ऐकू आली, आणि मग डोक्यावरचं आकाशच हलायला लागलं. ज्यांची गच्ची होती त्या काकींनी आम्हाला चहा देताना हळू आवाजात बोलायला सांगितलं. पाखरं जेवत असताना त्या घरात भांडंसुद्धा आपटत नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून गाव हे करत आलंय.

---

जोधपूरवासी

मूळचा साताऱ्याचा, अकरा वर्षं जोधपुरात नोकरीला. सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण एका गोष्टीवर मला ठाम बोलायचंय.

टांक्याचं पाणी मागणं हा शेवटचा उपाय असू द्या. जानेवारीत टांका निम्म्याहून खाली गेलेला असतो आणि पुढचा पाऊस जुलैत. मे महिन्यात याच ढाण्या टँकर विकत घेतात. २०१६ च्या मे महिन्यात फलोदीला ५१ अंश तापमान होतं, त्या दिवसात एका कुटुंबाला काय लागत असेल याचा हिशोब करा. ते लोक नाही म्हणणार नाहीत, त्यांच्यात नाही म्हणायची पद्धतच नाही. म्हणून कधी मागायचं हे आपण ठरवायचं. आधी प्याऊ, मग नळ, मग गावातलं दुकान. आणि टांक्याचं मिळालंच तर पिण्यापुरतं. त्यात तोंड धुऊ नये, बाटल्या विसळू नयेत. तुमच्या वडिलांना जे वाटतं ते अगदी बरोबर आहे, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा.

दुसरं, जोधपूरच्या आसपासची बरीच गावं बिश्नोईंची आहेत, म्हणजे झाडं आणि जनावरं जपणाऱ्या पंथाची. शेकोटीसाठी वाळकी काटकीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका, आणि अंडी-मांस पिशवीत नेऊ नका. १७३० साली खेजडली गावात राजाची माणसं खेजड्या तोडायला आली तेव्हा अमृतादेवींनी झाडाला मिठी मारली. त्यांच्यासह ३६३ माणसं कापली गेली. जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे ते गाव. एक दिवस हातात असेल तर ओसियांकडे वळण्याआधी तिथे जाऊन या. हरणं तिथे कुत्र्यांसारखी घराजवळ चरतात.

तसंच गावाबाहेर झाडोरा राखलेला दिसेल, त्याला ओरण म्हणतात. आपली देवराई. तिथे तंबू ठोकायचा नाही. पोकरणच्या आसपास लष्कराच्या सरावाची जमीन आहे, डांबरी रस्ता सोडून आत शिरू नका. आणि जैसलमेरच्या पश्चिमेला जाणार असाल तर आधारकार्ड हाताशी ठेवा.

---

माळरान, सोलापूर

जोधपूरवासी, तुमचं म्हणणं मान्य. मी पाच लिटर घेऊन निघालो आणि चार एकपर्यंत संपवले, तो माझा दोष होता. त्याची भरपाई त्या घराने केली. ताई, आठऐवजी दहा लिटर न्या.

एक सांगायचं राहिलं होतं. लाठीच्या आसपास मला एका गुराख्याने माळावर बोट दाखवून "गोडावण" म्हटलं. गोडावण म्हणजे आपला माळढोक. आमच्या नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे तो बघितलेला आहे. आता आमच्याकडे तो दिसत नाही. त्या दिवशी लाठीलाही मला दिसला नाही, खूप लांब काहीतरी हललं एवढंच. पण गुराखी म्हणाला, आहे, तू वाऱ्याच्या बाजूने उभा आहेस म्हणून मान खाली घातलीय त्याने. आम्ही दोघं अर्धा तास तिथे बसलो. वरून विजेच्या तारा गेल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तो म्हणाला की पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, आपटतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याने मेलेला उचलून बघितला होता.

---

नाशिकची सायकलवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. आगोराचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढाच भाग परत वाचायला लावला. जोधपूरवासींचा निरोप ऐकून नुसतं "हं" म्हणाले, पण आज सकाळी बघते तर सायकलच्या मागच्या कॅरियरला पाच लिटरचे दोन कॅन बांधून ते कॉलनीला चक्कर मारून आले होते. भरलेले कॅन. तोल जातो का ते बघत होते.

त्यांचा एकच प्रश्न आहे आणि तो माळरानकाकांनाच आहे. तुम्ही फोटो पोस्टाने पाठवले, ते त्या ढाणीवर पोचले का? पत्ता काय लिहिला होता? बाबा म्हणतात, घरांना नंबर नाहीत, गल्ली नाही, मग तिथल्या डाकवाल्याला कळलं कसं?

---

माळरान, सोलापूर

पोचले. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव, तहसील शिव, जिल्हा बाडमेर आणि पिन कोड, एवढंच लिहिलं होतं. वडिलांचं नाव घालायचं मुलानेच सांगितलं होतं, कारण त्या गावात आजोबांच्या नावाची आणखी तीन माणसं आहेत. सोळा दिवसांनी मुलाचा फोन आला. गावात शाखा डाकघर आहे, तिथला डाकसेवक आठवड्यातून दोनदा त्या बाजूला मोटारसायकलने जातो, त्याने आणून दिले.

बाबांना सांगा, बाडमेरच्या वाटेवर शिव लागेल तेव्हा मला फोन करा. तिथून ढाणीची वाट मी सांगतो. आणि येताना नाशिकची द्राक्षं नेता आली तर न्या, थंडीत दोन-तीन दिवस टिकतात. आजी विचारत होत्या, तुमच्याकडे उसाशिवाय अजून काय पिकतं.